वरातीमागून घोडं, ड्रॉइंगमागून मोटार

*प्रिय ताई,*

*कुपवाड एमआयडीसीत आमचा पीठ दळायच्या घरघंट्यांचा छोटा कारखाना आहे. सासऱ्यांनी सुरू केला त्याला 22 वर्षं झाली. महिन्याला तीनशेच्या आसपास नग जातात. यजमान खरेदी आणि डीलर बघतात, दीर इंजिनिअर आहेत, ते डिझाइन आणि उत्पादन बघतात, हिशेब माझ्याकडे. दिरांनी दीड वर्ष खपून नवं मॉडेल तयार केलंय. बारीक अंगाचं, काचेच्या दाराचं, बीएलडीसी (म्हणजे कार्बन ब्रश नसलेल्या) मोटारीचं, आवाज जुन्यापेक्षा कितीतरी कमी. तीन मापं, पाच रंग. नमुना बघून घरातले सगळे खूश झाले. मग यजमान सुटे भाग शोधायला निघाले आणि भांडणाला तोंड फुटलं. दिरांनी धरलेली मोटार एकाच चिनी कारखान्यात मिळते. कमीत कमी हजार नग, नगाला 4,200 रुपये, 30 टक्के आगाऊ, माल यायला बारा आठवडे. पुढच्या प्लास्टिक पॅनलच्या डायला, म्हणजे साच्याला, नऊ लाख. यजमान म्हणतात, "जुनीच मोटार बसव, राजकोटहून आठ दिवसांत येते." दीर म्हणतात, "मग नवं मॉडेल कशाला? दादाला फक्त स्वस्त हवंय." सासऱ्यांचं एकच पालुपद, दसऱ्याला मॉडेल बाजारात पाहिजे. दसऱ्याला साडेतीन महिने राहिलेत. डायवाला ॲडव्हान्स मागतोय आणि चेकवर सही माझी लागते. बरोबर कुणाचं? आणि मी भावजय म्हणून यात तोंड घालावं का?*

*तुमची वाचक, कुपवाड*

चेकवर सही करू नका. निदान दोन आठवडे तरी नाही. डायवाल्याला सांगा, ड्रॉइंगमध्ये एक दुरुस्ती आहे. ते खोटं ठरणार नाही, दुरुस्ती येणारच आहे.

आता बरोबर कुणाचं. तुमच्या पत्रात मला भांडखोर भाऊ दिसले नाहीत, एकच प्रश्न दोन वेगळ्या खोल्यांत बसून सोडवणारी दोन शहाणी माणसं दिसली. घंटी कशी असावी हे धाकट्यांनी ठरवलं. ती कशापासून, कुठून, किती दिवसांत बनणार हे नंतर थोरल्यांवर येऊन पडलं. मधे दीड वर्ष गेलं. नमुना करायला एक मोटार लागते, आणि एक मोटार जगाच्या पाठीवरून कुठूनही आणता येते. हजार आणायच्या म्हटल्या की गणितच बदलतं. दिरांनी ज्या दिवशी ती मोटार पसंत केली, त्याच दिवशी त्यांनी तो कारखाना पसंत केला, बारा आठवड्यांची वाट पसंत केली आणि तुमच्या बँकेच्या कॅश क्रेडिटमधला (खेळत्या भांडवलाच्या कर्जातला) मोठा तुकडा त्या कारखान्याच्या नावे लिहून दिला. आपण हे सगळं ठरवतोय याची त्यांना कल्पना नव्हती. ज्यांना कल्पना आली असती, त्या दादांना त्या दिवशी कुणी हाक मारली नाही.

मी स्वतः यातून गेले आहे. पिंपरीच्या एका कारखान्यात मी खरेदी खात्यात होते तेव्हाची गोष्ट. एका नव्या पंपाच्या झाकणाला डिझाइनच्या मुलाने एम-7 चे, म्हणजे सात मिलिमीटर जाडीचे, बोल्ट दिले. एम-6 त्याला नाजूक वाटला आणि एम-8 ला कडेला जागा पुरत नव्हती. कागदावर तर्क बिनचूक. पण एम-7 हे माप तक्त्यात सापडतं, भवानी पेठेतल्या दुकानात सापडत नाही. एम-6 मागा, एम-8 मागा, पोतंभर मोजून देतील. एम-7 म्हटलं की दुकानदार आधी तुमच्या तोंडाकडे बघतो, मग हसतो. शेवटी बोल्ट खास बनवून घ्यावे लागले, आटे पाडायचे टॅप वेगळे आणावे लागले, आणि जोडणीची लाइन अकरा दिवस रिकामी उभी राहिली. त्या मुलाला मी सगळ्यांदेखत खूप बोलले. खरं सांगायचं तर ते ड्रॉइंग त्याआधी तीन आठवडे माझ्याच टेबलावर पडून होतं. "फायनल झालं की बघू" म्हणून मी ते उघडलंच नव्हतं. तुमच्या यजमानांनाही हे वाचून दाखवा.

बोल्टचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते. बोइंगने आपलं 787 विमान पहिल्यांदा लोकांपुढे आणलं ते 8 जुलै 2007 ला. अमेरिकन पद्धतीने तारीख लिहिली तर 7-8-7. म्हणजे मुहूर्त काढण्याची हौस काही फक्त तुमच्या सासऱ्यांना नाही! बाहेरून विमान झोकात दिसत होतं, आत बरंच काही बसवायचं राहिलं होतं, आणि कित्येक ठिकाणी तात्पुरते फास्टनर (बोल्ट-रिव्हेटसारखे जोडणीचे भाग) ठोकलेले होते, कारण विमानाला चालतील असे फास्टनर तेव्हा पुरेसे मिळतच नव्हते. कंपनीने एकाच वेळी दोन नव्या गोष्टी अंगावर घेतल्या होत्या. विमानाचं अंग ॲल्युमिनियमऐवजी मुख्यतः कार्बन फायबरचं, आणि त्याचे मोठमोठे भाग जपान, इटली आणि अमेरिकेतल्या भागीदारांनी डिझाइनसकट बनवून पाठवायचे. ते भाग आणायला 747 विमानं खास पोट फुगवून घेतली होती. पहिलं विमान मे 2008 मध्ये द्यायचं कबूल केलं होतं. ते प्रत्यक्ष उडालं डिसेंबर 2009 मध्ये आणि जपानच्या एएनए या विमान कंपनीला मिळालं सप्टेंबर 2011 मध्ये. मधल्या काळात दक्षिण कॅरोलायनातला भागीदाराचा एक कारखाना बोइंगला विकत घ्यावा लागला. नवी वस्तू अवघड असते, नवे पुरवठादारही अवघड असतात. दोन्ही एकदम आणि मुहूर्त धरून आणले तर बोइंगसारख्यांनाही झेपलं नाही. तुमच्याकडे तर नवी मोटार, ती चालवणारं नवं कंट्रोल कार्ड, नवं पॅनल, नवे रंग, नवी मापं आणि दसरा, सगळं एका ताटात वाढलंय.

आता मोटारीकडे वळते, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे.

दिरांना विचारा, "भाऊजी, या मोटारीत चुंबक कुठला आहे?" बीएलडीसी मोटारीत कायम चुंबक लागतात आणि ते ढोबळमानाने दोन जातींचे. एक फेराइट. लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनतो, स्वस्त असतो, आपल्या देशातही बनतो, छताच्या पंख्यांत सर्रास वापरतात. दुसरा निओडिमियमचा. तो फार जोरदार, म्हणून मोटार लहान आणि हलकी होते. दिरांचं बारीक अंगाचं मॉडेल बहुधा याच्याच जिवावर उभं आहे. पण दळताना मोटार तापते, आणि तापल्यावरही जोर टिकवणाऱ्या निओडिमियम चुंबकात बहुतेकदा डिस्प्रोशियम किंवा टर्बियम मिसळलेलं असतं. एप्रिल 2025 मध्ये चीनने नेमक्या अशा दुर्मिळ मूलद्रव्यांच्या आणि ती असलेल्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. त्या पावसाळ्यात आपल्याकडच्या मोठमोठ्या इलेक्ट्रिक दुचाकीवाल्यांना चुंबकांपायी उत्पादन कमी करावं लागलं. त्यांच्याकडे खरेदीला अख्खी फौज असते. तुमच्याकडे यजमान आणि त्यांचा फोन.

दीर म्हणतील, आपण अख्खी मोटार मागवतोय, सुटा चुंबक नाही, मग परवान्याचं काय? मुद्दा खरा आहे. पण मग तुम्ही त्या एका कारखान्याच्या खुंटीला बांधले जाता. उद्या कोइमतूरचा किंवा पुण्याचा एखादा मोटारवाला म्हणाला, "द्या ड्रॉइंग, मी बनवतो," तर तोही चुंबकासाठी चीनच्याच दारात जाऊन उभा राहणार. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून आणायचं?

मग काय, जुनी राजकोटची मोटार? नाही. इथे यजमान चुकतात. आवाज कमी आणि वीज कमी हेच नव्या घंटीचं भांडवल आहे, ते काढून घेतलंत तर काचेच्या दाराला कुणी चार हजार जास्त मोजणार नाही. मधली वाट अशी की फेराइट चुंबकाच्या बीएलडीसी मोटारीची चौकशी करायची. तेवढ्याच ताकदीला ती मोठी आणि जड येईल. कॅबिनेटची खोली वाढेल, समजा 40 मिलिमीटरने. दिरांना ते जिवावर येईल. पण या 40 मिलिमीटरच्या बदल्यात दोन-तीन पुरवठादार मिळत असतील, आणि त्यातला एखादा देशातला असेल, तर तो सौदा कॅबिनेटची प्लायवुड-एमडीएफ कापण्याआधी तपासून बघायला हवा. डाय कापल्यावर तो तपासायची सोयच उरत नाही. म्हणूनच म्हटलं, सही थांबवा.

आणि काहीही ठरलं तरी दिरांनी ड्रॉइंगमध्ये एक गोष्ट आजच करावी. मोटार सरळ बॉडीला न कसता एका वेगळ्या प्लेटवर कसावी, म्हणजे मोटार बदलली तर फक्त प्लेटची भोकं बदलतील. कंट्रोल कार्डाचंही तेच, एकाच कंपनीच्या एकाच चिपवर सगळं टांगू नये. 2021 मधला चिपांचा दुष्काळ त्यांना आठवत असेलच.

आता तुमच्या वहीतलं गणित. हजार मोटारी गुणिले 4,200 म्हणजे 42 लाख. त्यातले 12 लाख 60 हजार आज, बाकीचे माल निघताना. नवं मॉडेल महिन्याला किती जाईल? तुमचे डीलर दोनशे सांगतील. डीलर नेहमी दोनशेच सांगतात, कारण सांगायला पैसे पडत नाहीत. जुनं तीनशे जातंय तर नवं सुरुवातीला 80 गेलं तरी मी पेढे वाटीन. म्हणजे हजार मोटारी साडेबारा महिने पुरणार. वर्षभर त्यांच्यावर व्याज, गोडाऊनची जागा, आणि मधेच कुठे डिझाइनमध्ये खोट निघाली तर उरलेल्या मोटारी भंगारच्या भावात. त्यापेक्षा त्याच कारखान्याकडे किंवा दुसऱ्याकडे शंभर मोटारी मागा. भाव जास्त लावतील. समजा नगाला 6,000 लावले, तर 1,800 रुपये जास्तीचे, शंभरांवर 1 लाख 80 हजार. यजमानांच्या पोटात गोळा येईल. त्यांना सांगा, ही शिकवणीची फी समजा, 42 लाखांपेक्षा बरी.

यजमानांना हे पटायला जड का जाणार ते मला कळतं, कारण त्यांची सगळी उमेदवारी जुन्या घंटीवर झालीय. जुन्या घंटीचा खप त्यांना डोळे मिटून सांगता येतो. सणाला किती, लगनसराईत किती, पावसाळ्यात किती. अशा मालाला पूर्ण ट्रक भरून आणावा, पैसा-पैसा घासून घ्यावा, स्टॉक ठेवला तरी हरकत नाही, तो जाणारच. नव्या घंटीचं कुणालाच काही ठाऊक नाही. कुठला रंग चालेल, कुठलं माप पडून राहील, परत किती येतील. तिथे स्वस्त आणि भरपूर घेण्यापेक्षा महाग, थोडं आणि लवकर घेतलेलं परवडतं. दोन्ही घंट्या एकाच शेडमध्ये बनणार असल्या तरी त्यांची खरेदी एका पद्धतीने करता येणार नाही. यजमान कंजूष नाहीत, ते नव्या मालाला जुन्या मालाचा शहाणपणा लावताहेत एवढंच.

तीन मापं आणि पाच रंग. यावर मी जरा रागावूनच बोलणार आहे. तीन पंचे पंधरा. महिन्याला 80 गेल्या तर एका प्रकाराच्या वाट्याला सरासरी पाच आणि काही. आणि सरासरीने कुणी विकत घेत नाही. कोल्हापुरात लाल संपेल आणि सोलापुरात लाल धूळ खात पडेल. जयसिंगपूरच्या डीलरच्या दुकानात एक घंटी मांडायला जागा नसते, तो पंधरा कुठे मांडणार?

एचपीच्या डेस्कजेट प्रिंटरचं अगदी असंच झालं होतं. प्रिंटर बनायचे अमेरिकेतल्या व्हँकुव्हरमध्ये (कॅनडातलं नव्हे, वॉशिंग्टन राज्यात त्याच नावाचं एक गाव आहे) आणि बोटीने युरोपला जायचे. प्रत्येक देशाचा विजेचा दाब, प्लगचा आकार, माहितीपुस्तकाची भाषा वेगळी. कारखान्यातच हा जर्मनीचा, हा फ्रान्सचा असं ठरवून खोकी भरायचे. प्रवासाचे आठवडे जाईपर्यंत जर्मनीत ढीग पडलेला आणि फ्रान्समध्ये बोंब, किंवा उलट. गोदामं भरलेली असूनही गिऱ्हाईक परत जातंय, याहून वाईट काय? त्यांनी अंदाज सुधारण्याचा नाद सोडला आणि प्रिंटरच बदलला. वीजपुरवठ्याचा भाग वेगळा केला, म्हणजे सगळ्या देशांना एकच कोरा प्रिंटर पाठवायचा आणि वीजपुरवठ्याचा भाग, प्लग, पुस्तक हे सगळं युरोपातल्या गोदामात ऑर्डर बघून घालायचं. बनवण्याचा खर्च किंचित वाढला, पण उत्पादन, वाहतूक आणि साठा असा एकूण खर्च सुमारे 25 टक्के खाली आला. हे खरेदीवाल्याला एकट्याने जमलं नसतं, डिझाइनवाल्यालाही एकट्याने सुचलं नसतं.

तुमचा वीजपुरवठा म्हणजे ते पुढचं पॅनल. माप एकच ठेवा. बॉडी सगळ्यांना एकाच रंगाची, पांढरी किंवा करडी. रंग फक्त पॅनलमध्ये, आणि पॅनल चार क्लिपांवर असं बसवा की माल निघताना, हवं तर डीलरच्या दुकानातही, दोन मिनिटांत चढवता यावं. दिरांना त्यासाठी डायमध्ये थोडी कसरत करावी लागेल, पण ती त्यांना आवडेल अशी कसरत आहे. रंग पाचांऐवजी तीन. डाय तीच राहते, मास्टरबॅच (प्लास्टिकमध्ये मिसळायचे रंगाचे दाणे) बदलतो, पण रंग बदलताना मशीन साफ करण्यात माल वाया जातो, म्हणून मोल्डिंगवाला रंगामागे कमीत कमी नग मागतोच. ते किती, हे यजमानांना एका फोनवर कळेल. पाच रंग ठरवताना हा फोन झाला होता का?

डायचंही घाईने करू नका. पहिल्या शंभर घंट्यांची पॅनलं पत्र्याची वाकवून पावडर कोटिंग करून घ्या, कुपवाडात गल्लोगल्ली हे काम होतं, नाहीतर व्हॅक्यूम फॉर्मिंगवर, म्हणजे तापवलेला प्लास्टिकचा पत्रा साच्यावर ओढून, काढा. नगाला महाग पडेल. पण नऊ लाखांची डाय एकदा कापली की ड्रॉइंग दगडावरची रेघ होतं. डायमध्ये धातू काढता येतो, घालायचा म्हटलं की वेल्डिंग, आणि मग पॅनलवर डाग. शंभर घंट्या लोकांच्या ओट्यांजवळ चार महिने चालल्या की कुठलं भोक चुकलं ते आपोआप कळेल.

दुरुस्तीचा विचार तुमच्या पत्रात कुणीच केलेला दिसत नाही, ना थोरल्यांनी ना धाकट्यांनी. मालाची साखळी डीलरच्या दारात संपत नाही. आज जतला घंटी बंद पडली तर तिथला मेकॅनिक कपॅसिटर बदलतो, चहा पितो आणि निघतो. गल्लीतल्या वायरमनलाही ते जमतं. बीएलडीसी मोटार कमी दाबात जुनीपेक्षा चांगली चालेलही, पण वीज झटका देऊन आली आणि कार्ड जळालं तर जतमध्ये ते कुणाकडे मिळणार? कार्ड स्क्रूने निघेल असं बसवलंय, की आतल्या बाजूला चिकटवून टाकलंय? बदलायला किती वेळ? हे ड्रॉइंगवरचे प्रश्न आहेत. शंभर मोटारींबरोबर वीस कार्डं जास्तीची मागवा आणि ती डीलरांकडे आधी पोचवा, घंटी नंतर. भाजणीच्या दिवसांत बंद पडलेली घंटी बाई आयुष्यभर विसरत नाही. आणि गप्पही बसत नाही.

आयात मोटारीला आणि कार्डाला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) कुठली अट लागू होते हे ऑर्डर देण्याआधी चांगल्या कस्टम एजंटला विचारून घ्या. माल न्हावाशेव्याला अडकल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

तुमच्या खात्यातलं एक. पॅनल, पत्रा, कार्ड यांसाठी जे नवे छोटे पुरवठादार जोडाल, ते उद्यमनोंदणीचे सूक्ष्म-लघु उत्पादक असतील तर त्यांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षातच आयकरात वजा मिळतो. हे तुम्हाला माहीत असणार. यजमानांना मात्र डीलरकडून 90 दिवसांनी पैसे घ्यायची सवय असेल, तर नव्या मॉडेलच्या रोख प्रवाहाचं कोष्टक तुम्हीच मांडा, त्यांना तोंडी सांगून भागणार नाही.

राहिला दसरा. सासऱ्यांना दुखवू नका आणि खोटंही सांगू नका. आज शंभर मोटारींची ऑर्डर गेली तरी बारा आठवड्यांनी त्या याच दसऱ्याच्या तोंडावर येतील, जोडायच्या कधी आणि तपासायच्या कधी? त्याऐवजी दसऱ्यापुरत्या वीस मोटारी विमानाने मागवा, महाग पडल्या तरी चालतील. त्यांच्या वीस घंट्या करा आणि दसऱ्याला पूजा करून सांगली, मिरज, जत, सोलापूर अशा वीस घरांत वापरायला द्या. नातेवाइकांत नको, ते चांगलंच म्हणतील. चकलीची भाजणी, ज्वारी, बाजरी, नाचणी, सगळं त्या दिवसांत दळलं जातं. त्याहून कडक परीक्षा कुठल्या प्रयोगशाळेत होणार नाही. दिवाळीनंतर दोघा भावांनी मिळून त्या वीस घरी जावं, मिळून म्हणजे एकाच गाडीतून. आणि बाजारात उतरायला साडेतीन मुहूर्तांत दसरा एकटाच नाही, गुढीपाडवा आहे, अक्षय्य तृतीया आहे. सासऱ्यांनी 22 वर्षांपूर्वी पहिली घंटी किती दिवस घरी चालवून मग विकली होती, हे त्यांनाच विचारा. माझा अंदाज आहे की उत्तर तुमच्या कामाला येईल.

भावजय म्हणून बोलावं का? भावजय म्हणून नको. "भाऊजी चुकले" म्हणालात तर यजमानांची बाजू घेतली असं होईल, "तुमचं चुकलं" म्हणालात तर घरात जेवण गार होईल. तुम्ही हिशेब बघता, तर हिशेब घेऊन बसा. एका मोठ्या कागदावर नव्या घंटीचे सगळे भाग लिहा. त्यातले नव्वद टक्के भाग स्क्रू, वायर, चाकं, लेबल असे असतील, त्यांच्यावर एक मिनिटही घालवू नका, ते मिळतात. जे पाच-सहा भाग उरतील, मोटार, कार्ड, पॅनल, काच, जाळ्या, दळायची चेंबर, त्यांच्यापुढे चार गोष्टी लिहायला लावा. कोण देतो, दुसरा कोण देऊ शकतो, किती दिवसांत, कमीत कमी किती. ज्या ओळीत "दुसरा कोण" ही जागा कोरी राहील, तिथे दिरांनी ड्रॉइंग बदलता येतंय का ते बघायचं आणि यजमानांनी नवा माणूस शोधायचा. एकाला काम आणि दुसऱ्याला सुट्टी असं नाही.

आणि इथून पुढे कुठल्याही ड्रॉइंगवर "फायनल" हा शब्द दोन सह्यांशिवाय येणार नाही असं ठरवून टाका. यजमानांनी कच्चं ड्रॉइंग बघायची सवय करावी, "तयार झालं की दाखव" म्हणू नये. (एम-7.) दिरांनी राजकोटला एकदा यजमानांबरोबर जावं, मोटारीचं वाइंडिंग होताना उभं राहून बघावं. तिथला म्हातारा फोरमन त्यांना पंधरा मिनिटांत असं काही सांगेल जे कॉलेजात चार वर्षांत कुणी सांगितलं नसेल. शिवाय राजकोटचा माणूस फेराइटची बीएलडीसी करायला तयार आहे का, हेही समोरासमोर कळेल. कदाचित त्याच्या डोक्यात ते आधीपासून घोळतही असेल, आणि तुमच्याइतकीच त्यालाही पहिल्या शंभर नगांच्या गिऱ्हाइकाची वाट असेल.

बैठक रविवारी जेवणानंतर घेऊ नका, सासरे पेंगतात आणि दोघं भाऊ भांडतात. कारखान्यात घ्या, नमुन्याची घंटी समोर ठेवून, सकाळी. आणि चुंबकाचं उत्तर आलं की मला लिहा. कॅबिनेट खरंच 40 मिलिमीटरने वाढणार असेल तर दिरांना ते कसं पटवायचं यावर माझ्याकडे एक युक्ती आहे, पण आधी तो आकडा कळू दे.